बोलणारी तार, ऐकणारी तार

कापसाचे दिवस आले की पांढुर्णा-सौंसर भागातील धर्मकाट्यांपुढे गाड्यांची रांग लागते. अशाच एका काट्यावर गेल्या हंगामात झालेला खोळंबा आम्ही प्रत्यक्ष पाहिला.

वजन दाखविणारे यंत्र धडधाकट होते; संगणकातील जुने सीरियल कार्ड तेवढे निकामी झाले होते. त्याचा जोड २५ पिनांचा, नव्या कार्डाचा ९ पिनांचा. जुन्या तारा २, ३ आणि ७ या पिनांवर होत्या. कारागिराने नव्या जोडातही त्याच आकड्यांवर त्यांना डाग दिला. पडद्यावर काही उमटेना. मग पावत्या हाताने लिहिणे सुरू झाले.

आता दोष कोणाचा म्हणावा? आरएस-२३२ हा संकेत अमेरिकेत १९६० साली ठरला. त्याच्या २५ पिनांच्या जोडात संगणक २ वरून बोलतो, ३ वरून ऐकतो, आणि ७ ही दोघांची सामाईक तार. पुढे १९८४ च्या आयबीएम संगणकाबरोबर ९ पिनांचा जोड आला, त्यात २ वर ऐकणे, ३ वर बोलणे आणि सामाईक तार ५ वर. आकडे ओळखीचे, कामे मात्र अदलाबदल झालेली! बिचारा कारागीर प्रामाणिकपणेच फसला.

म्हणून जुना जोड काढण्यापूर्वी प्रत्येक तारेचे काम कागदावर लिहून ठेवावे. कागद नसेल तर दोन्ही यंत्रे एकमेकांपासून सोडवून, चालू ठेवून, मीटर लावावा. सामाईक तारेच्या मानाने जिच्यावर ३ ते १५ व्होल्ट ऋण दाब दिसेल ती बोलणारी. जवळजवळ शून्य दाखवील ती ऐकणारी. एकाची बोलणारी दुसऱ्याच्या ऐकणारीस जोडावी. दोहोंकडील वेग जुळला नाही तर पडद्यावर निरर्थक अक्षरे येतात, तेव्हा तोही पाहावा. नवे कार्ड आरएस-४८५ जातीचे असल्यास मध्ये परिवर्तक हवाच; तेथील ए आणि बी ही अक्षरे तर निरनिराळे कारखानदार उलटसुलट लावतात. काट्याच्या यंत्रावरील सरकारी मोहोर मात्र तोडू नये. तिची येथे गरजच पडत नाही.

तारा बदलताच पडद्यावर आकडा आला. रिकाम्या आणि भरल्या काट्यावर तो यंत्राशी ताडून पाहिला, जुळला.

परंतु तोवर एका वृद्ध शेतकऱ्याची भरली गाडी हाताने लिहिलेल्या पावतीवर मोजून झाली होती. त्या पावतीत १० किलो की ९०, हे कोणास वाचता येईना, आणि कापूस ढिगात मिसळला होता. बराच वाद झाला. अखेरीस फरकाच्या ८० किलोंपैकी ४० शेतकऱ्याच्या पदरी धरले गेले. उरलेले ४० कोणाचे, हे ना त्यांस कळले, ना काटेवाल्यास.