दाखले जुन्याच पेटीत

बिऱ्हाड हलवणे आम्हांला नवीन नाही. चाळीतून वसाहतीत आणि वसाहतीतून इमारतीत, असे आमचे सामान तीनदा टेम्पोत चढले. पण संगणक बदलणे हे त्याहून जिकिरीचे काम आहे, हे आम्हांला २०२५ च्या नोव्हेंबरात कळले.

आमचा जुना संगणक २०१३ सालचा, हप्त्यावर घेतलेला. चालत होता, तक्रार नव्हती. पण १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या देणे बंद केले. नाव नोंदवून वर्षभराची मुदतवाढ घेण्याची सोय होती. परंतु वर्षाने पुन्हा तेच. विंडोज ११ घालावी तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रात लागते. ती आमच्या पेटीत कुठून असणार? शेवटी सहचारिणीने भिशीचे पैसे पुढे केले आणि नवा संगणक घरी आला.

आता त्या जुन्या पेटीत आमचे एकट्याचे असे फार थोडे होते. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर आम्ही वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून देतो. शिष्यवृत्तीचे, उत्पन्नाच्या दाखल्याचे, जात पडताळणीचे. त्यामुळे पन्नास घरांचे कागद त्यात जमा झालेले. त्यातच आमच्या शेजारच्या मावशींच्या सासऱ्यांचा १९४७ सालचा शाळा सोडल्याचा दाखला होता. अनुसूचित जातीच्या पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, हे वाचकांना ठाऊक आहेच. मूळ कागदाचा २०१९ च्या पावसात लगदा झाला. उरली ती आम्ही काढून ठेवलेली स्कॅनची प्रत, आणि तिच्यावरचा रजिस्टर नंबर. मावशींची नात बारावीला आहे.

दुकानातून एक मुलगा आला. दीड तासात त्याने काम उरकले. "काका, सगळं कॉपी झालं, डेस्कटॉप जसाच्या तसा आहे," असे म्हणाला, जुनी पेटी बदल्यात उचलली आणि गेला. डेस्कटॉप खरोखरच जसाच्या तसा दिसत होता. रात्री आम्ही सहज म्हणून 'दाखले' या चित्रावर टिचकी मारली, तर ही वस्तू जागेवर नाही, असा निरोप आला. दुसऱ्या चित्रावर मारली. तोच निरोप!

चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा बाण होता. तो आम्ही दहा वर्षे रोज पाहत होतो, पण त्याचा अर्थ कधी विचारला नव्हता. बाण असलेले चित्र म्हणजे शॉर्टकट, नुसती पाटी. अमक्याचे घर त्या गल्लीत आहे असे सांगणारी पाटी उचलून आणली म्हणजे घर येत नाही. आमचे सारे दाखले 'डी' ड्राइव्हवर होते, आणि त्या मुलाने 'सी'मधले डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स एवढेच उचलले होते.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधीच आम्ही पायरीवर हजर. पेटी मागच्या बाजूला तशीच पडली होती, अजून पुसली नव्हती. बदल्यात धरलेले दीड हजार रुपये मोजून दिले आणि ती रिक्षात घालून परत आणली. मावशींना आम्ही हे आठ दिवसांनी सांगितले. "दादा, मला आधी सांगितलं असतंत तर मी त्या दुकानात झोपायलाच गेले असते," असे त्या म्हणाल्या.

मग मात्र आम्ही सगळे हाताने केले. 'डी' ड्राइव्ह बाहेरच्या डिस्कवर घेतला. आधी पेन ड्राइव्ह लावला होता, पण लग्नाची एक चित्रफीत काही केल्या त्यावर जाईना. जागा तर भरपूर! मागाहून समजले की एफएटी ३२ पद्धतीने आखलेल्या पेन ड्राइव्हवर चार जीबीहून मोठी एक फाईल मावत नाही. दोन्हीकडे फोल्डरवर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीज पाहिल्या, फायलींचा आकडा आणि आकारमान कागदावर लिहून ताळा जमवला. कारकुनी हाडात भिनलेली, ती इथे उपयोगी पडली.

प्रोग्रामची गोष्ट वेगळी. फाईल म्हणजे भांडीकुंडी, ती टेम्पोत घालून नेता येते. प्रोग्राम म्हणजे नळाची जोडणी आणि विजेचे मीटर. ते नव्या जागी नव्यानेच बसवावे लागते. कारण प्रोग्राम एका फोल्डरात राहत नाही. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, त्याच्या नोंदी जागोजागी झालेल्या असतात. नुसते फोल्डर उचलून आणले तर तो बहुधा उठतच नाही. परवान्याचेही पाहावे लागते. आम्ही एका किराणा दुकानदाराचे हिशेब टॅलीत लिहितो. त्याचा परवाना आधी जुन्या यंत्रावरून 'सरेंडर' करायचा आणि मग नव्यावर चालू करायचा, असा रीतसर मार्ग आहे. जुनी पेटी घरात असतानाच करण्याचे हे काम. ऑफिसचे म्हणाल तर यंत्राबरोबर आलेली प्रत सहसा त्या यंत्रापुरतीच असते. महाडीबीटीचे पासवर्ड ब्राउझरने लक्षात ठेवले होते, ते आम्ही एका वहीत उतरवून ज्याचे त्याला देऊन टाकले. तसेही ते आमच्याजवळ असायला नको होते.

खरी गंमत, गंमत कसली, खरा घोर पुढेच होता. वस्तीतल्या १४२ कुटुंबांची यादी आम्ही २००३ सालापासून ठेवली आहे. नाव, वडिलांचे नाव, मूळ गाव, कोण कोणाचा कोण. ती जुन्या मराठी फॉन्टात टाईप केलेली. नव्या संगणकावर उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

याचे कारण असे. त्या काळच्या बहुतेक फॉन्टांत मराठी अक्षर म्हणून खरे काही साठत नव्हतेच; साठत होते इंग्रजी अक्षर, फॉन्ट त्याला मराठी रूप चढवीत होता. हिंदी टंकलेखनात रूढ असलेला कृतिदेव १० घ्या. त्यात 'भारत' टाईप केलेले असेल आणि संगणकात तो फॉन्ट नसेल, तर एच, के, के, जे, आर अशी पाच अक्षरे दिसतात. १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या जागा मिळाल्या आहेत, त्यात हा घोळ नाही. पण आम्ही शिकलो ते जुन्या फॉन्टावर, आणि सवय सुटली नाही. चूक आमची.

उपाय सापडले. जुन्या यंत्राच्या फॉन्ट्स फोल्डरातून ती फॉन्टची फाईल नव्यावर बसवली, यादी वाचता येऊ लागली. शिवाय जुन्या यंत्रावरच तिची पीडीएफ करून ठेवली. पीडीएफच्या पोटात फॉन्टही जातो, म्हणून ती कुठेही तशीच दिसते. पण पीडीएफमध्ये नवे नाव भरता येत नाही. म्हणून मजकूर युनिकोडात बदलणारा प्रोग्राम चालवला. एका मिनिटात १४२ कुटुंबे बदलून आली, आणि 'अर्जुन'चा 'अजुर्न' झाला!

जुन्या फॉन्टात रफार अक्षरानंतर टाईप होतो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी. युनिकोडात दोन्हींचा क्रम उलटा. बदलणाऱ्या प्रोग्रामला कुठे ते साधते, कुठे नाही. 'किसन'ची वेलांटी सुटून एकटीच पुढे उभी. हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. याच यादीवरून आम्ही वंशावळीचे कच्चे कागद करतो. तिथे एक वेलांटी हलली की माणूस नावातल्या फरकाचे प्रतिज्ञापत्र करीत फिरतो, एक दिवसाची मजुरी बुडवून. तेव्हा नावे यंत्रावर सोडायची नाहीत, असे ठरवले.

जुनी पेटी आता दुकानात गेली, पण आतली डिस्क काढून घेऊनच. नुसत्या डिलीट केलेल्या, किंवा घाईने फॉरमॅट केलेल्या डिस्कवरून फायली परत काढता येतात. तिच्यावर लोकांची आधार कार्डे, पासबुके होती. डिस्कशिवाय दुकानदाराने पाचशे कमी दिले. दिले तर दिले.

मावशींच्या सासऱ्यांचा दाखला नव्या संगणकावर उघडतो, रजिस्टर नंबर स्पष्ट वाचता येतो. त्याच्या दोन छापील प्रती मावशींच्या ट्रंकेत आहेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत. आणि रविवारी दुपारी त्या आमच्याकडे येतात. आम्ही पडद्यावरचे नाव मोठ्याने वाचतो, त्या डोळे मिटून ऐकतात. मागच्या रविवारी एकसष्टाव्या कुटुंबाशी थांबलो. एका आजीचे नाव यादीतही चुकीचे होते आणि पीडीएफमध्येही. बावीस वर्षे चुकीचेच होते. ते आता विचारून यायचे आहे.