उन्हाळी समारंभ आणि बर्फाचा ताळेबंद



वैशाख आला, की आपल्याकडे लग्ने, वर्षीतपाची पारणी आणि गौतमप्रसादी यांची रेलचेल असते. यजमान मिठाईचा हिशेब काटेकोर करतो. बर्फाविषयी मात्र ‘आणा दहा लाद्या’ एवढे सांगून मोकळा होतो. मग ऐन पंगतीत सरबत कोमट होते, नाही तर सायंकाळी उरलेला बर्फ मांडवामागे चिखल करीत राहतो.

बर्फ हा गोदामात ठेवूनही घटणारा माल आहे. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचे जहाज बॉस्टनहून १८० टन बर्फ घेऊन निघाले. चार महिन्यांनी कलकत्त्यास सुमारे १०० टनच पोहोचला. तरीही तो व्यापार पुढे अनेक वर्षे चालला. नाशिकहून सायखेड्यास लादी आणतानाही घट प्रथम धरावी.

आता गणित पाहू. एक लिटर पाणी एक अंशाने थंड करण्यास एक किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी शोषतो. ३०० पाहुण्यांस प्रत्येकी अर्धा लिटर धरल्यास १५० लिटर पेय लागेल. ते ३५ अंशांवरून १२ अंशांवर आणण्यास ४३ किलो बर्फ हवा. घटीसाठी निम्मा आणखी धरून ६५ किलो. परंतु सरबताचे पाणी सकाळीच रांजणांत भरून, ओली फडकी गुंडाळून सावलीत ठेवले आणि ते २५ अंशांपर्यंत उतरले, तर ३७ किलोंतच काम भागते. रांजण हे आपले बिनव्याजी भांडवल आहे!

दुसरा मुद्दा पैशांहून मोठा आहे. बावीस अभक्ष्यांत बर्फाची गणना होते. सरबतात लादी फोडून टाकली, की त्याग असलेली वडीलधारी मंडळी त्या पेयास स्पर्श करीत नाहीत. भर उन्हात सर्वांत वयोवृद्ध पाहुणा तहानलेला राहावा, हे यजमानास शोभत नाही. म्हणून बर्फ घमेल्यात बाहेर आणि झाकणबंद पिंप मध्ये, अशी मांडणी करावी. बर्फ थोडा अधिक लागेल, पण चव पातळ होणार नाही आणि एकाच पिंपातून सर्वांना घेता येईल.

अखाद्य बर्फास निळा रंग देण्याचा नियम २०१८ साली झाला. तो केवळ वस्तू थंड ठेवण्यासाठी असतो. बाहेरून लावायचा असला, तरी पेयात थेंबही जाऊ नये यासाठी खाद्य बर्फच मागावा आणि बिलावर तसे लिहून घ्यावे.

शेवटी वेळ. चौविहारामुळे आपली पंगत सूर्यास्तापूर्वी, म्हणजे उन्हाची धग ओसरण्याआधीच बसते. सारा बर्फ सकाळी उतरवून घेतल्यास पंगतीपर्यंत त्याचे पाणी होते. त्यामुळे एक तृतीयांश दुपारी बाराला आणि उरलेला तीनला, असे दोन हप्ते विक्रेत्याशी आधीच ठरवावेत. लाद्या भुशात, गोणपाटात गुंडाळून जमिनीपासून उंच, फळीवर ठेवाव्यात आणि लागतील तेवढ्याच फोडाव्यात.

कर्ज मंजूर करताना आम्ही गरज, घट आणि मुदत या तीन गोष्टी तपासत असू. बर्फाच्या खरेदीसही तेवढ्याच पुरेशा आहेत.