ज्याचा त्याचा बाक

सरळपणाला आपल्याकडे फार प्रतिष्ठा आहे. माणूस सरळ असावा, नाक सरळ असावे, भांग सरळ असावा, आणि सोयरीक जुळवताना तर 'घराणं सरळ आहे' एवढे एक वाक्य पुढच्या सगळ्या चौकशांना पुरून उरते. या प्रतिष्ठेला माझी एरवी काही हरकत नाही. पण हा सरळपणाचा आग्रह आता गोल्फच्या चेंडूपर्यंत जाऊन पोचला आहे, आणि तिथे मात्र गप्प बसणे मला शक्य नाही.

तुम्ही म्हणाल, धसईच्या माणसाचा आणि गोल्फचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे. आमची धसई मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. पावसाळ्यात भात, भात निघाले की त्याच ओलीवर वाल. २०१६ च्या डिसेंबरात 'महाराष्ट्रातले पहिले कॅशलेस गाव' म्हणून धसई पेपरात झळकली होती. गोल्फमुळे मात्र ती कधी झळकलेली नाही आणि झळकण्याची चिन्हेही नाहीत. पण माझा एक भाचा ठाण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. हुद्द्याबरोबर त्याला रक्तदाब आला आणि रक्तदाबाबरोबर गोल्फ. मैदानावर सरावाला जाण्याआधी चार लोकांत हसे नको म्हणून तो दर हिवाळ्यात रविवारी काठ्यांची पिशवी घेऊन आमच्या कापणी झालेल्या खाचरात येतो. तो मारतो. मी वेचतो.

वेचणाऱ्याला कमी लेखू नका. मारणाऱ्याला आपण चेंडू कुठे मारला हे ठाऊक असते. तो गेला कुठे, हे वेचणाऱ्यालाच ठाऊक असते. अमेरिकेचा बेन होगन आणि लहानपणी गरिबीत वाढलेला ली ट्रेव्हिनो हे दोघेही पोरवयात दुसऱ्यांच्या पिशव्या वाहून आणि चेंडू शोधून मगच मोठे खेळाडू झाले. मी फक्त पहिल्या पायरीवर सत्तरीत आलो, एवढाच फरक.

आता जरा शास्त्र. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू जाता जाता किंचित उजवीकडे वळला तर त्याला फेड म्हणतात, डावीकडे वळला तर ड्रॉ. हेच वळण हाताबाहेर गेले की फेडचा स्लाइस होतो आणि ड्रॉचा हुक. थोडक्यात, फेड आणि ड्रॉ ही घरात हाक मारायची नावे. स्लाइस आणि हुक ही पोलीस ठाण्यात लिहायची. चेंडू वळतो तो अंगच्या फिरकीने. टेनिसचा चेंडू असा का वळतो यावर न्यूटनने १६७२ सालीच लिहून ठेवले आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडच्या टेट नावाच्या प्राध्यापकांनी खास गोल्फच्या चेंडूवर गणिते मांडली. सुरुवातीचे गुळगुळीत चेंडू नीट उडत नसत. मारून मारून खरवडलेले मात्र छान उडत. तेव्हा लोकांनी नवे चेंडूच खरवडायला सुरुवात केली, आणि आजच्या खळग्याखळग्यांच्या चेंडूचा जन्म झाला. म्हणजे ज्या चेंडूच्या स्वतःच्या अंगावर सरळ अशी जागा शिल्लक नाही, त्याच्याकडून आपण सरळपणाची अपेक्षा करतो!

माझ्या भाच्याचा चेंडू उजवीकडे वळे. पहिला सबंध हिवाळा मी उजवीकडच्या करवंदीच्या जाळ्यांतून चेंडू काढले. डावीकडून एकही काढला नाही. गावाला हे दोन रविवारांत कळले. डाव्या बांधावर पोरे बसू लागली, शेजारच्या आबांनी आपली गुरे डावीकडे बांधली, त्यांच्या घरच्यांनी वालाच्या शेंगा तिकडेच निवडायला घेतल्या. भाचा मारत होता, गाव आपले काम करत होते, मी ओरखडे मोजत होतो. इतका सुखाचा गोल्फ जगात कुठे चालला नसेल.

मग सल्लागार आले. मैदानावरच्या एका गुरूने सांगितले, मनगट फिरव, चेंडू सरळ जाईल. कचेरीतल्या वरिष्ठांनी सांगितले, पाय बदल. उरलेसुरले मोबाइलवरच्या व्हिडिओंनी सांगितले, आणि दर व्हिडिओ मागच्या व्हिडिओवर पाणी ओतत होता. दुसऱ्या हिवाळ्यात भाचा आला तेव्हा त्याचा एक चेंडू करवंदीत, दुसरा वालात, तिसरा आबांच्या म्हशीच्या शिंगांवरून पलीकडे. पोरे बांधावरून पळाली. आबा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, भाच्याला सांगा, डावं का उजवं ते येकदाचं ठरव. म्हंजे आमी तितं गुरं नाय बांधणार."

गोल्फवरची इतकी शहाणी सूचना मी दुसरीकडे कुठेही ऐकलेली नाही.

त्या संध्याकाळी ओटीवर चहा पिताना भाचा म्हणाला, "मामा, हल्ली मारायला उभं राहिलं की भीतीच वाटते. चेंडू कुणीकडे जाईल ते मलाच कळत नाही." रक्तदाब उतरावा म्हणून खेळायला लागलेला माणूस तो! तेव्हापासून मी या सरळवाद्यांशी उघड भांडण मांडले आहे.

त्यांचा पहिला दावा, सरळ फटका सर्वांत उत्तम. असेल. पण तो मिळतो कधी? काठीचे तोंड आणि काठीची वाट अगदी एका रेषेत आली तरच. तोंड एक अंश चुकले की दोनशे मीटरवर चेंडू साडेतीन मीटर बाजूला पडतो, आणि वळण लागले तर ते वेगळेच. अंशाचा हिशेब ठेवून अंग फिरवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आता मैदानाची पट्टी तीस मीटर रुंद धरा. सरळवाला मधोमध नेम धरतो. त्याचा चेंडू डावीकडे फुटेल की उजवीकडे, हे परमेश्वर जाणे, त्यामुळे भीती दोन्ही कडांची. फेडवाला डाव्या कडेवर नेम धरतो. ठरल्याइतका वळला तर चेंडू मधोमध. वळलाच नाही तर डाव्या कडेला, तरी आत. दुप्पट वळला तर उजव्या कडेला, तरीही आत. डावीकडे तळे असो, कुंपण असो, नाही तर आबांची म्हैस असो, त्याचा संबंध संपला. अर्धी भीती एका झटक्यात वजा!

आमच्या एस.टी.चा ड्रायव्हर हेच करतो. माळशेज घाटात उजवीकडचे आवळ वळण आले की तो आधी गाडी डावीकडे घेतो आणि मग वळवतो. त्याला कुणी 'नाकासमोर चालव' असे सांगत नाही. सांगितलेच, तर सांगणाऱ्यासकट गाडी दरीत जाईल. आमच्या खाचरांचे बांधही उताराच्या कलाने वाकडे जातात. नकाशावर शोभावा म्हणून उतारावर सरळ बांध घातला, तर पाणी त्या बांधाला विचारत नाही.

दुसरा दावा, खरा खेळाडू तोच ज्याला दोन्हीकडे वळवता येते. टायगर वूड्सला उंच, मध्यम, ठेंगणे आणि त्यात डावे, सरळ, उजवे असे नऊ प्रकारचे फटके मारता येतात, हे सरळवादी नऊ बोटे नाचवून सांगतात. येत असतील. त्याने दुधाचे दात असल्यापासून दुसरे काही केलेले नाही. आमचा भाचा आठवड्याचे सहा दिवस फायलींवर सह्या करतो. नऊ फटके शिकायला निघालेल्या रविवारच्या खेळाडूला अखेर दहावाच येतो, तो म्हणजे नेम एकीकडे आणि चेंडू भलतीकडे. आमच्या पद्माकर शिवलकरांनी डावखुऱ्या फिरकीवर प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेतले. त्यांना कुणी 'आता उजव्या हातानेही टाकून दाखवा' असे म्हणाले होते काय?

तिसरा दावा सर्वांत लबाड आहे. बाकच हवा तर ड्रॉ घ्या म्हणतात. तो जमिनीवर पडला की लांब धावतो, तो मर्दानी. फेड उंच जाऊन जागच्या जागी बसतो, तो बापुडा. शिवाय नवशिके सगळे स्लाइस मारतात, म्हणून उजवीकडच्या वळणालाच एक गरिबीचा वास. अहो, बाक काय लग्नातला फेटा आहे, शोभतो कुणाला ते बघून बांधायला? होगनचा जन्मजात हुक त्याला छळत होता. पकड बदलून तो फेडकडे वळला आणि १९४८, १९५०, १९५१ आणि १९५३ अशी चार वेळा अमेरिकन ओपन जिंकला. जॅक निक्लॉसचा हातखंडा फटका फेडच, आणि मोठ्या स्पर्धांतली त्याची विजेतेपदे अठरा. उलट दक्षिण आफ्रिकेचा बॉबी लॉक उजवीकडे तोंड करून उभा राही आणि सगळे फटके डावीकडे वळवी. लोक हसले. त्याने १९४९, १९५०, १९५२ आणि १९५७ साली ब्रिटिश ओपन जिंकली. लांबीचेच म्हणाल तर कोलकात्याचा चौरसिया घ्या. बाप गोल्फच्या मैदानाची हिरवळ राखणारा, पोरगा बघून बघून शिकलेला, लांब मारणारा अशी ख्याती कधीच नाही. तरी २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन त्याचीच.

एका बाकाची किंमत द्यावी लागते, हे मी नाकारत नाही. ट्रेव्हिनोने फेडवर सहा मोठ्या स्पर्धा मारल्या, पण ऑगस्टाचे मैदान डाव्या वळणाचे लाड करणारे. तिथली मास्टर्स त्याला कधी मिळाली नाही. पण निक्लॉसने फेड घेऊनच ती सहा वेळा जिंकली. आणि समजा एखादे मैदान अडलेच, तर अडू दे. बैलजोडीत डाव्या अंगाचा बैल डावीकडेच जुंपतात. तो उजवीकडे चालत नाही म्हणून त्याला कुणी निकामी म्हणत नाही. त्याला उजवीकडे जुंपणाऱ्याला म्हणतात.

मी चाळीस वर्षे शाळेत काढली. डावखुऱ्या पोरांच्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात कोंबणारे आईबाप मी पाहिले आहेत. पोरे लिहायला शिकली. पण फळ्यापाशी बोलावले की खडू कुठल्या हातात घ्यावा म्हणून क्षणभर थांबत. तो क्षण मला भाच्याच्या चेहऱ्यावर दिसला, तोही तीन हजार रुपयांचे बूट घालून उभ्या असलेल्या.

म्हणून माझी पद्धत सोपी आहे. वीस चेंडू घ्यायचे, डोक्यातले सगळे गुरू ओटीवर ठेवायचे आणि मारायचे. वेचणाऱ्याने मोजायचे. जिकडे जास्त, ती तुमची बाजू. ती उलटी करायची नाही, फक्त आवरायची. स्लाइस असेल तर त्याचा फेड करायचा, हुकाचा ड्रॉ. फेडसाठी काठीचे तोंड नेमापेक्षा थोडे डावीकडे आणि काठीची वाट त्याहून थोडी डावीकडे. जुनी पुस्तके चेंडू काठीच्या वाटेने निघतो असे शिकवत. रडार लावून मोजायला लागल्यावर कळले, की तो बहुतांशी तोंडाच्या दिशेने निघतो, आणि तोंड व वाट यांच्यात जितके अंतर तितका वळतो. संसाराचेही तसेच आहे, पण तो विषय वेगळा.

आम्ही वीस चेंडू मोजले. सोळा उजवीकडे, तीन डावीकडे आणि एक सरळ. भाचा त्या एकाकडेच बघत उभा राहिला, म्हणून तो मी मुद्दाम करवंदीत फेकून दिला. आता चार रविवार झाले. चेंडू उजवीकडे जातात, पण करवंदीच्या अलीकडे थांबतात. आबांनी गुरे पुन्हा डाव्या बांधाला आणली आहेत. ज्याचा कल ठाऊक आहे त्याच्या शेजारी माणसे निर्धास्त बसतात. ज्याला सगळेच जमते म्हणतात, त्याच्या हातात काठी दिसली की उठून जातात.

तेव्हा ज्यांना सरळच मारायचे असेल त्यांनी खुशाल मारावे. माझे काही म्हणणे नाही. फक्त चेंडू वेचायला त्यांनी स्वतः जावे, आणि जाण्यापूर्वी आबांना सांगून जावे.