पिवळा दिवा आणि घामाचा पैसा



आपल्या वस्त्यांतून आता जुनी का होईना, पण चारचाकी दारात उभी दिसू लागली आहे. कोणी निवृत्तीचा पैसा घालून भाड्याची गाडी घेतली, कोणी हप्त्यावर घेतली, तर कोणाच्या मुलाने म्हाताऱ्या आई-वडिलांना दवाखान्यात नेण्यासाठी सेकंडहँड आणली. गाडी घेताना आपण दहा जणांना विचारतो. परंतु तीच गाडी बिघडली की डोळे मिटून गॅरेजवाल्याच्या हाती सोपवतो आणि तो सांगेल ती रक्कम मोजतो. हिशेबाचा माणूस म्हणून मला ही गोष्ट फार खटकते.

आमच्या शेजारच्या एका गृहस्थांची हकिकत सांगतो. चाळीतले सगळे त्यांना दादा म्हणतात. सीएनजीवरची जुनी गाडी ते भाड्याने चालवतात. त्यावरच घर, मुलीचे कॉलेज आणि कर्जाचा हप्ता. एके दिवशी गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि काही केल्या विझेना. गॅरेजवाला म्हणाला, "कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला. बावीस हजार होतील." त्याच रात्री दादा माझ्या दारात आले.

"भाऊ, पतपेढीचा कर्जाचा फॉर्म तेवढा भरून द्या."

मी विचारले, "दादा, गाडीला यंत्र लावून पाहिलं का त्याने? कोड काय आला?"

"लावलं होतं काहीतरी. मला काय त्याने दाखवलं नाही. आणि दाखवून तरी मला काय कळणार?"

फॉर्म मी तसाच ठेवला. आमच्या कार्यालयातील गाडीच्या चालकाकडे मोबाईलला जोडायचे एक लहान यंत्र होते. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून ते दादांच्या गाडीला लावले. मोबाईलवरचे इंग्रजी दादांच्या मुलीनेच वाचून दाखवले. कोड निघाला पी ०१७१. त्याचा अर्थ, इंजिनात हवा जास्त आणि इंधन कमी पडते आहे. कन्व्हर्टरचा कोड नव्हताच. दुसऱ्या मेकॅनिकने तो कोड पाहून हवेच्या नळ्या तपासल्या. एक रबरी नळी तडकली होती आणि इंजिनाच्या मोजणीत न येणारी हवा तेथून आत शिरत होती. नळी आणि मजुरी मिळून चारशे रुपये झाले. कर्जाचा फॉर्म कोराच राहिला.

पहिला गॅरेजवाला लबाड होता असे मी म्हणत नाही. त्याचा अंदाज चुकला असेल. परंतु त्याच्या चुकलेल्या अंदाजाचे बावीस हजार दादांनी का भरावेत? प्रश्न एवढाच आहे.

आता हे यंत्र म्हणजे काय ते समजून घेऊ. मुंबईची जुनी प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी आठवा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि वयोमर्यादा भरल्याने २०२३ मध्ये ही टॅक्सी रस्त्यावरून गेली. त्या गाडीला कार्ब्युरेटर असे. मेकॅनिक कान लावून आवाज ऐके, प्लगचा रंग पाही आणि दोष सांगे. आजच्या गाडीत इंधन किती सोडायचे हे एक लहान संगणक ठरवतो. हवा, उष्णता, धुरातील ऑक्सिजन यांचे मोजमाप त्याला निरनिराळे सेन्सर कळवतात. एखादे मोजमाप मर्यादेबाहेर गेले की संगणक त्याचा क्रमांक लिहून ठेवतो आणि पिवळा दिवा लावतो. हा क्रमांक म्हणजेच कोड. तो वाचून दाखवणारे यंत्र म्हणजे स्कॅनर.

ही पद्धत धुराचे प्रदूषण रोखण्यासाठी निघाली. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ नावाने ती सर्व मोटारींना सक्तीची झाली, आणि सोळा खाचांचे एकसारखे सॉकेटही त्याबरोबर आले. आपल्याकडे भारत स्टेज-४ च्या चारचाकींना ओबीडी-२ चा नियम एप्रिल २०१३ पासून लागू झाला. १ एप्रिल २०२० पासून तर देशभर भारत स्टेज-६ च आहे. त्याहून जुनी गाडी असेल तर सॉकेट असूनही साधे यंत्र बोलेलच असे नाही. म्हणून पैसे मोजण्याआधी स्टिअरिंगच्या खाली, पायाच्या पॅडलांच्या वरच्या बाजूस वाकून पहा. सोळा खाचांचे सॉकेट साधारणतः तेथेच असते. दुचाकीचे सॉकेट वेगळ्या आकाराचे असते, तिला मोटारीचे यंत्र सरळ बसत नाही.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात.

पहिला, काडेपेटीएवढा ठोकळा. तो सॉकेटात बसवायचा आणि मोबाईलवरील ॲपमध्ये कोड वाचायचा. काही शेकड्यांपासून दोनेक हजारांपर्यंत तो मिळतो. अँड्रॉइड मोबाईलला ब्लूटूथचा ठोकळा चालतो. आयफोनला मात्र साधे जुने ब्लूटूथ चालत नाही, वाय-फायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा पाहून घ्यावा. यांपैकी पुष्कळ ठोकळ्यांवर 'ईएलएम ३२७' असे छापलेले असते. मूळ चिप कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स कंपनीची. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, आणि बाजारात फिरणारा स्वस्त माल बहुतेक नकलांचा आहे. काही नकला चांगल्या चालतात, काही मध्येच तुटतात. म्हणून परत घेण्याची हमी असेल तेथूनच घ्यावा आणि पहिल्याच दिवशी आपल्या गाडीला लावून पहावा.

दुसरा, वायर आणि स्वतःचा पडदा असलेले हातयंत्र. किंमत साधारण हजार-दीड हजारांपासून चार-पाच हजारांपर्यंत. त्याला मोबाईल लागत नाही, ॲप लागत नाही, बॅटरी गाडीचीच. दहा हातांत फिरणाऱ्या यंत्रासाठी मला हाच प्रकार बरा वाटतो.

तिसरा, गॅरेजवाल्यांचा मोठा टॅब्लेट. तो एबीएस ब्रेक, एअरबॅग यांचेही दोष वाचतो, पंखा किंवा पंप चालू-बंद करून पाहतो. त्याची किंमत कित्येक हजारांत, कधी लाखाच्याही घरात. घरच्या माणसाला त्याची गरज नाही. पहिल्या दोन प्रकारांतील बहुतेक स्वस्त यंत्रे एबीएस आणि एअरबॅगचे कोड वाचत नाहीत. विक्रेता काही म्हणो, 'सर्व काही वाचते' यावर विश्वास ठेवू नये.

घेताना चार गोष्टी विचारा. कोड वाचून पुसता येतो का? चालू इंजिनाची आकडेवारी, म्हणजे पाण्याचे तापमान, बॅटरीचा दाब, इंधनाची दुरुस्ती, दिसते का? दिवा लागला त्या क्षणाची नोंद, जिला फ्रीझ फ्रेम म्हणतात, ती दिसते का? आणि तपासण्या पूर्ण झाल्या की अपुऱ्या आहेत, हे दिसते का? या चारांची उत्तरे 'होय' असतील तर घरच्यासाठी तेवढे पुरे.

शेवटचा प्रश्न सेकंडहँड गाडी घेताना फार कामाचा आहे. काही विक्रेते गिऱ्हाईक येण्याआधी कोड पुसून पिवळा दिवा घालवतात. परंतु कोड पुसला की संगणकाच्या तपासण्याही पुसल्या जातात आणि काही दिवस गाडी चालल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. दिवा विझलेला आणि बऱ्याचशा तपासण्या अपुऱ्या, असे दिसले तर "हल्ली बॅटरी काढली होती का?" असे विचारा. उत्तर पटले नाही तर सौदा थांबवा.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. कोड हा निकाल नव्हे, ती तक्रार आहे. तापाचा आकडा दिसला म्हणजे आजार कळला असे होत नाही, तसेच हे. उदाहरणार्थ पी ०४२० हा कोड कन्व्हर्टरचे काम कमी पडते असे सांगतो. पण धुराच्या नळीतील गळती किंवा बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर यांनीही तो येऊ शकतो. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात, म्हणूनच तो महाग. तो बदलण्याआधी स्वस्त कारणे तपासून घ्या. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये स्फोट नीट होत नाही. त्याला प्लग कारण असेल, कॉइल असेल किंवा इंजेक्टर. सीएनजीचे किट बाहेरून बसवलेले असेल तर इंधन कमी-जास्त झाल्याचे कोड किट नीट न जुळवल्यानेही येतात. अशा वेळी गाडी पेट्रोलवर चालवून कोड पुन्हा येतो का ते पहावे.

काही पथ्येही आहेत. पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर इंजिनावर जोर देऊ नका, न जळलेले इंधन जाऊन कन्व्हर्टर खराब होतो. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर यंत्र शोधत बसू नका, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. कोड लिहून घेतल्याशिवाय पुसू नका. ठोकळा सॉकेटात तसाच ठेवू नका, गाडी उभी असतानाही तो बॅटरी खातो. आणि गाडी वॉरंटीत असेल तर हे सारे सोडून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जा.

शेवटी हिशेब. पिवळा दिवा काही दर महिन्याला लागत नाही. मग एका घराने यंत्रात दोन हजार का अडकवावेत? वस्तीत दहा गाड्या असतील तर प्रत्येकी दोनशे काढून एक हातयंत्र घ्यावे. ते एका जबाबदार माणसाकडे ठेवावे आणि सोबत एक वही असावी. तारीख, किलोमीटर, कोड, काय दुरुस्ती केली, किती खर्च आला, एवढेच रकाने. वर्षभरात ती वहीच तुमची शिक्षक होईल. दहावी-बारावीतल्या मुलामुलींना वाचायला बसवा. मुलांना इंग्रजीचा सराव होईल आणि आपल्याला अर्थ कळेल.

मेकॅनिकशी भांडण करण्यासाठी हे सांगत नाही. चांगला मेकॅनिक कोड दाखवलात तर रागावत नाही, उलट त्याचे काम सोपे होते. फक्त त्याच्यापुढे हात जोडून उभे राहण्याऐवजी हातात कागद घेऊन उभे रहा. दादांनी त्यानंतर पहिल्याच गॅरेजमध्ये पुन्हा गाडी नेली. या वेळी जाताच त्यांनी विचारले, "कोड काय आला, तो आधी दाखव." त्याने यंत्र लावले आणि पडदा दादांच्या बाजूला फिरवला.