घरच्या घरी काडतुसे

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. कोणी टपालाची तिकिटे जमवितो, तर कोणी परसात गुलाबाची कलमे बांधतो. अमेरिकेत मात्र कायदा पाळणारे हजारो सुशिक्षित गृहस्थ सुटीच्या दिवशी घरातील एका कोपऱ्यात बसून पिस्तुलाची काडतुसे भरतात आणि त्यालाही ते निव्वळ हौसच समजतात. एकदा उडविलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून न देता तिला नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी देऊन ते काडतूस पुन्हा सिद्ध करायचे, असा हा उद्योग आहे. त्यासाठी लागणारी दाबयंत्रे, साचे आणि काटे पुरविणारे कारखाने तेथे नावारूपाला आले आहेत. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे 1943 साली सुरू झालेली आरसीबीएस किंवा विस्कॉन्सिनमधील ली प्रिसिजन ही त्यांपैकीच नावे होत. 1968 च्या तेथील बंदूक नियंत्रण कायद्यानुसार स्वतःपुरती काडतुसे भरणाऱ्यास केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकण्यासाठी भरणाऱ्यास तो लागतो.

या हौसेत कौतुक करण्यासारखे काही नाही, असे आम्ही म्हणणार नाही. काटकसर, हातातील कसब आणि एकाग्रता हे गुण तिला लागतात. यात दारू तोलायची ती ग्रेनच्या मापाने, आणि एक ग्रेन म्हणजे आपल्या गुंजेच्या अर्ध्याहून किंचित अधिक. सोनाराच्या काट्यालाही लाजविणारी ही नजर हवी. पण सोनार चुकला तर सोने उणे होते. येथे चूक झाली तर बोटे आणि डोळे जातात. पिस्तुलाच्या पुंगळीत दारू थोडीच लागत असल्यामुळे नजरचुकीने ती दुप्पट पडली तरी पुष्कळदा बाहेर सांडत नाही. नळीच फुटते तेव्हा ते कळते. दारू कमी पडली तर गोळी नळीतच अडकते आणि मागून येणारी दुसरी गोळी अनर्थ करते. शिशाची भुकटी घरातल्या लहान मुलांच्या पोटात जाण्याचे भय निराळेच.

याहून मोठा प्रश्न समाजाचा आहे. 2017 च्या ऑक्टोबरात लास वेगास येथे एका माथेफिरूने केलेल्या गोळीबारात 60 माणसे प्राणास मुकली. त्याच्या खोलीत सापडलेल्या न उडविलेल्या काही काडतुसांवर ज्या विक्रेत्याच्या बोटांचे ठसे होते, तो विनापरवाना घरच्या कर्मशाळेत चिलखतभेदी काडतुसे भरून विकीत असे. 2020 मध्ये त्याला 13 महिन्यांची शिक्षा झाली. एका माणसावरून साऱ्या हौशी मंडळींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे होईल. परंतु हौस कोठे संपते आणि धंदा कोठे सुरू होतो, हे बंद दाराआड कोणी पाहावयाचे?

या उद्योगाच्या चित्रफिती आज आपल्या तरुणांच्याही हातातील फोनवर दिसतात, म्हणून स्पष्ट सांगणे अवश्य आहे. 1959 च्या भारतीय शस्त्र कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनविण्याची यंत्रेही दारूगोळ्यातच मोडतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दारूगोळा बनविणाऱ्यास किमान सात वर्षांची आणि अधिकात अधिक जन्मठेपेची शिक्षा आहे. अमेरिकेतील हौस येथे गंभीर गुन्हा ठरते.

यावर एक आक्षेप येईल, आणि ज्यांनी परकी सत्ता अनुभवली त्यांना तो सहज झटकता येणार नाही. 1878 चा शस्त्र कायदा इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र करण्यासाठीच केला होता. त्यातून युरोपियनांना सूट होती. काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केले. 1931 च्या कराची ठरावात तर नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांमध्ये गणला गेला. मग स्वराज्यात हे निर्बंध कशाला? 1948 साली घटना समितीत ह. वि. कामत यांनी हाच हक्क घटनेत घालण्याची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. आमच्या मते तो निर्णय योग्यच होता. परक्याने अविश्वासापोटी घातलेली बेडी आणि स्वतंत्र प्रजेने एकमेकांच्या सुरक्षिततेसाठी स्वतःवर घातलेला निर्बंध, या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

मात्र निर्बंध घालणाऱ्या शासनावर कर्तव्यही येते. सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगरकुशीतील शेतकऱ्याला बंदूक हवी ती हौसेसाठी नव्हे. रानडुकरे भातशेत उकरतात, गवे बागायत तुडवितात, माकडे नारळ उरू देत नाहीत. ज्याच्या घरी अजून ठासणीची बंदूक आहे, त्याला नळीत दारू आणि छर्रे ठासण्याचे जोखमीचे काम स्वतःच करावे लागते. निवडणुका आल्या की शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. रानडुकरे काही आचारसंहिता पाळीत नाहीत. परवान्याचे नूतनीकरण रेंगाळले आणि चांगले काडतूस वेळेवर मिळाले नाही, तर माणूस गावठी मार्गाकडे वळतो.

खेळाडूंचेही तेच. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने ज्या पॉइंट टू टू रायफलने कांस्यपदक मिळविले, तिच्या काडतुसात टोपी वेगळी नसते. ते घरी पुन्हा भरण्याजोगे नसतेच. तेव्हा नेमबाजीच्या नावाखाली घरगुती कारखान्यांना मोकळीक मागण्यात अर्थ नाही. गरज आहे ती होतकरू नेमबाजांना परवडणाऱ्या दरात काडतुसे मिळण्याची.

शासनाने शेतकऱ्याचा परवाना वेळेत द्यावा, निवडणुकीत सरसकट बंदुका गोळा न करता ज्याच्यापासून धोका आहे त्याच्याकडूनच त्या घ्याव्यात आणि काडतुसांचा पुरवठा सुरळीत ठेवावा. नागरिकांनीही दारू आपल्या घरात शिजवू नये, मग ती बाटलीतली असो वा बंदुकीतली. हौस जिवापेक्षा मोठी नसते, आणि शेजाऱ्याच्या जिवापेक्षा तर नसतेच नसते.