आधी नियम समजून घ्या, मग भांडा

ऑगस्ट २००६मध्ये लंडनहून अमेरिकेला जाणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघड झाला. तेव्हापासून परदेशी प्रवासात हातातल्या बॅगेत १०० मिलीची मर्यादा आली. २०० मिलीची बाटली अर्धी रिकामी असली तरी अडवतात, कारण मोजतात ती बाटली.

रांगेत आजीच्या हातातली झमझमची बाटली काढून घेतली की घरी एकच अर्थ निघतो: आपण मुसलमान म्हणून. कधी तो खराही असतो. पण हा नियम शेजारच्या काकूंच्या गंगाजलालाही लागतो.

याउलट जुलै २०१९चं उदाहरण घ्या. विमानं छोटी असल्याचं सांगून एअर इंडियाने जेद्दाहून येणाऱ्या काही उड्डाणांत झमझमचे कॅन आणायला मनाई केली. कॅन हाजींच्या हक्काचे होते. लोकांनी आक्षेप घेतला आणि काही दिवसांत कंपनीने माफी मागून मनाई मागे घेतली.

पुण्यातून हजला जाणारे बरेच जण मुंबईहून उडतात. निघण्यापूर्वी मोहल्ल्यातल्या तरुणांनी त्यांच्यासोबत दहा मिनिटं बसावं. अत्तर छोट्या कुपीत. मध चेक-इनच्या बॅगेत. औषधाबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी. परतताना झमझम सीलबंद कॅनमध्येच, कपड्यांत कोंबून नाही.

एवढं करूनही आपलीच बॅग पुन्हा पुन्हा उघडली, तर कोणत्या नियमाने, हे शांतपणे विचारा. उत्तर मिळालं नाही, तर लेखी तक्रार करा. तेव्हा आपली बाजू पक्की असेल.