गँडाल्फ, एल्रॉन्ड आणि ताटकळलेला भिडू

मेंढीकोटात भिडूच्या हातात काय आहे ते विचारायची सोय नसते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : द कार्ड गेम’मध्ये गप्पांना पूर्ण मुभा आहे, फक्त हातातल्या पत्त्याचं नाव घ्यायचं नाही, त्यावरचा मजकूर वाचून दाखवायचा नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या फँटसी फ्लाइट गेम्सने २०११मध्ये आणलेल्या या खेळात सगळे खेळाडू एका बाजूला, आणि समोर एकामागून एक शत्रू नि संकटं उलगडणारी गड्डी. हरले तर सगळे, जिंकले तर सगळे.

म्हणूनच इथे कॉम्बो डेक बांधणाऱ्यावर जरा नजर ठेवावी लागते. दोन-तीन पत्त्यांची अशी जोड जमवायची, की एकदा ती मांडली की बाकीचा डेक आपोआप पळायला लागतो, हा खटाटोप डोक्याला खाऊ देणारा असतो यात शंका नाही. पण तो पळत असताना शेजारी बसलेला माणूस काय करत असतो?

एल्रॉन्ड आणि गँडाल्फ या दोन हिरोंची, म्हणजे खेळाडूच्या मुख्य पात्रांची, जोड घ्या. एल्रॉन्डच्या बोटात ‘विल्या’ ही अंगठी चढली, की एल्रॉन्ड आणि विल्या हे दोन्ही पत्ते आडवे करून आपल्या गड्डीतला वरचा पत्ता उघडायचा आणि तो फुकटात खेळायचा. खेळता येण्यासारखा नसेल तर तो गड्डीच्या तळाला जातो. आंधळेपणाने हे करणं म्हणजे निव्वळ जुगार. २०१४च्या ‘द रोड डार्कन्स’ या संचामध्ये गँडाल्फ हिरो म्हणून आला आणि चित्र पालटलं, कारण तो असताना गड्डीचा वरचा पत्ता कायम उघडा राहतो. त्याच्या हातात ‘विझार्ड पाइप’ दिला, की हातातला पत्ता आणि वरचा पत्ता यांची अदलाबदलही करता येते. म्हणजे हातात अडकून पडलेला, सहा रिसोर्स (पत्ते खेळायचं चलन) लागणारा बेऑर्न वर ठेवायचा आणि विल्याने पटावर आणायचा. तीन हिरोंची मिळून फेरीला तीन रिसोर्सची कमाई. बेऑर्न म्हणजे पुऱ्या दोन फेऱ्यांची. शिवाय एरवी मित्रपात्रं फक्त प्लॅनिंग फेजमध्ये उतरतात, विल्या मात्र लढाई तोंडावर आल्यावरही चालते.

आता किंमत. एल्रॉन्डचा थ्रेट, म्हणजे शत्रूंचं लक्ष ओढवून घेणारा आकडा, १३, गँडाल्फचा १४. विल्या ‘स्पिरिट’ या गटाचा पत्ता, म्हणून ती हातातून खेळायची तर तिसरा हिरो स्पिरिटचा हवा. ५ थ्रेटचा ग्लोरफिंडेल घेतला तरी सुरुवात ३२ला. फेरीगणिक थ्रेट एकने चढतो आणि ५०ला खेळाडू बाद. ‘जर्नी अलाँग द अँडुइन’ या पहिल्याच संचातल्या मोहिमेत हिल ट्रोल सुरुवातीलाच समोर उभा असतो. थ्रेट ३०ला पोचला की तो अंगावर येतो. म्हणजे इथे पहिल्याच फेरीत.

आणि तोवर विल्या आली असेल? पन्नास पत्त्यांत तिच्या तीन प्रती घातल्या, तर सुरुवातीच्या सहा पत्त्यांत ती असण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के. हात एकदा परत पिसून घेता येतो. ते धरूनही ५४ टक्क्यांच्या आसपास. जवळजवळ निम्म्या डावांत हा डेक विल्याविना सुरू होणार, आणि तेवढा वेळ ट्रोलला कोण थोपवणार? भिडू!

कॉम्बोंना लगाम घालायची वेळ खुद्द कंपनीवरही आली. ‘विल ऑफ द वेस्ट’ हा पत्ता टाकलेले पत्ते पुन्हा गड्डीत पिसायचा. सगळी गड्डी ओढायची, पुन्हा पिसायची, पुन्हा ओढायची असं चक्र त्यातून जमायचं. दुरुस्तीनंतर तो पत्ता एकदा वापरला की खेळातूनच बाहेर जातो. हामा हा हिरो हल्ला केल्यावर टाकलेला ‘फेंट’ हा पत्ता परत हातात घ्यायचा, आणि एकाच शत्रूचा हल्ला फेरीमागून फेरी रोखला जायचा. त्याच्यावर डावात तीनदाच अशी मर्यादा आली. समोर माणूसच नाही, तर बिघडतं कुणाचं, असं कुणी म्हणेल. बिघडतं भिडूचं. पाऊण तास एकटाच माणूस पत्ते ओढतोय आणि बाकीचे मोबाइल बघतायत, हा सहकारी खेळ नव्हे. दुरुस्त्या योग्यच होत्या.

एल्रॉन्ड-गँडाल्फ डेकला मात्र माफी मिळावी. गँडाल्फचा उघडा पत्ता सगळ्यांना दिसतो, त्यामुळे त्यावर टेबलभर मोकळेपणाने बोलता येतं. आणि एल्रॉन्डचा दुसरा गुण फारसा मिरवला जात नाही : दुसऱ्या पत्त्याने कुणाचीही जखम भरली की तो आणखी एक जखम भरतो. दोन पात्रांची एकेक जखम भरणारा ‘वॉर्डन ऑफ हीलिंग’ सोबत असला तर एका झटक्यात चार जखमा बुजतात, त्याही भिडूच्या हिरोंच्या. ट्रोलचा मार खाणाऱ्याला एवढं देणं लागतोच.

तेव्हा ही जोड बांधणाऱ्यांनी तीनही वॉर्डन डेकमध्ये ठेवावेत. ते काढून आणखी एखादा महागडा वीर घुसवायचा मोह झालाच, तर चौघांना बोलावू नये; हा खेळ एकट्यानेही खेळता येतो.